बर्लिन, म्युनिक की आइंडहोवन? राहायला जायच्या आधीची एक फेरी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "दादा, जर्मनी की नेदरलँड?" मला विचाराल तर प्रश्न देशाचा कमी आणि शहराचा जास्त आहे. व्हिसा देश देतो, पण भाडं, लोकल, शेजारी, भाजी आणि संध्याकाळ हे सगळं शहराचं असतं. म्हणून आज त्याबद्दलच बोलू. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आमची परिस्थिती आधी सांगतो. मी २८ वर्षांचा, पुण्यात बॅकएंडचं काम करतो. बायको डेंटिस्ट आहे. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, सगळा गुंता तिथेच आहे. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही १६ दिवसांची रजा टाकली आणि बर्लिन, म्युनिक आणि आइंडहोवन अशी तीन शहरं राहून बघितली.

नोव्हेंबरच का? अहो, जूनमध्ये युरोपातलं कुठलंही शहर आवडतं. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, लोक नदीकाठी बसलेले. नोव्हेंबरअखेर बर्लिनमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे त्या वेळी दुपारचा चहा होतो. तो अंधार सोसवतो का, हे इन्स्टाग्रामवर कळत नाही.

व्हिसा साधा शेंगेन टूरिस्ट. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि जून २०२४ पासून फी ९० युरो आहे. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा. आमचा जर्मनीकडे होता. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. तिकडे ऑफर मिळाली तरी आपल्याला साधारणपणे भारतात परत येऊनच नॅशनल व्हिसा काढावा लागतो. म्हणून फेरी ही फक्त बघायला, असं डोक्यात ठेवून जा.

आम्ही हॉटेल टाळलं. स्टेशनपासून लांब, जिथे खरंच घर परवडेल अशा भागात स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. सकाळी आठला ऑफिसच्या गर्दीत ट्रेनने जाऊन बघितलं. रविवारी दूध संपलं तेव्हा कळलं की जर्मनीत रविवारी दुकानं बंद म्हणजे खरंच बंद. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, ती मशीनमध्ये परत टाकायची. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण रोजचं आयुष्य यांचंच असतं ना!

आता घराचं. जर्मनीत जाहिरातीत दोन आकडे दिसतात. काल्टमीटं म्हणजे नुसतं भाडं, आणि वार्ममीटं म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, सोसायटीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही वर. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंइतकं. आणि हो, पुष्कळ फ्लॅटमध्ये किचनच नसतं! ओटा, सिंक, शेगडी सगळं आपण आणायचं. बायको पहिल्यांदा हसली, मग तिने किमती बघितल्या.

पण भाड्यापेक्षा महत्त्वाचा शब्द म्हणजे आनमेल्डुंग, पत्त्याची सरकारी नोंदणी. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ती झाली की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. बर्लिनमध्ये या नोंदणीची अपॉइंटमेंट मिळणं हाच एक प्रकल्प आहे. म्हणून कुठलीही खोली बघताना आमचा पहिला प्रश्न: "इथे आनमेल्डुंग होईल का?" नाही म्हणाले की पुढे.

पगाराचा अंदाज: ब्लू कार्डसाठी २०२५ ची वार्षिक मर्यादा ४८,३०० युरो, आणि आयटीसारख्या तुटवड्याच्या क्षेत्रांना सुमारे ४३,७६० होती. समजा ७०,००० मिळाले, तर एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण ३,६०० येतात. म्युनिकचं भाडं जर्मनीत सगळ्यात महाग, त्यामुळे तिथे याच पैशात घर लहान होतं. नेदरलँडमध्ये पात्र असाल तर पगाराचा ३० टक्के भाग पाच वर्षं करमुक्त मिळू शकतो. २०२७ पासून तो २७ टक्के होतोय.

खरं सांगू? मला आइंडहोवन सगळ्यात आवडलं. फिलिप्स १८९१ मध्ये याच गावात सुरू झाली, शेजारच्या वेल्डहोवनमध्ये एएसएमएल आहे, सायकलने सगळीकडे जाता येतं. इंजिनियरसाठी मस्त गाव.

पण मी एकटा जाणार नाहीये. दोन्ही देशांत जोडीदाराला नोकरी करायची मोकळीक आहे, हे सगळे सांगतात. डेंटिस्टला ती मोकळीक पुरत नाही, हे कोणी सांगत नाही. जर्मनीत अप्रोबात्सिओन म्हणजे व्यवसायाचा परवाना लागतो. त्यासाठी बी-२ पातळीची जर्मन, वर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा, आणि आपली बीडीएस तिकडच्या पदवीच्या तोडीची ठरली नाही तर ज्ञानाची परीक्षा. हे काम प्रत्येक राज्य आपापलं बघतं. नेदरलँडमध्ये बिख नावाच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं आणि त्याला चांगली डच लागते. म्हणजे माझं करिअर पहिल्या दिवसापासून इंग्रजीत सुरू, आणि तिचं दोनतीन वर्षं थांबलेलं. सहा वर्षं ज्या हातांनी दात काढले त्यांनी घरात बसून डिपेंडंट म्हणून भांडी लावायची? ती म्हणाली, "तू स्प्रेडशीटमध्ये माझा कॉलमच केला नाहीस." खरं तर कॉलम होता, वजन कमी होतं. आता तो पहिला आहे.

तो पहिला केल्यावर आइंडहोवन बाद झालं. जर्मन पुण्यात मॅक्सम्युलर भवनात शिकता येते, डच शिकवणारं शोधावं लागतं. शिवाय जर्मन ऑस्ट्रियातही चालते.

आईबाबांचा प्रश्न उरतोच. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे मी ऑफिसमधून सुटेपर्यंत ते झोपलेले. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परमिट मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना जर्मनीत आणता येतं, पण त्यांचा आरोग्य विमा आपण दाखवायचा, आणि साठीनंतर तोच भारी पडतो. नागरिकत्वाचं म्हणाल तर जर्मनीला आता दुहेरी चालतं, भारताला चालत नाही. ओसीआय घ्यावं लागेल. ब्लू कार्डवर बी-१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, आमच्यासाठी सध्या तेवढं पुरे.

आता बर्लिन आणि म्युनिक एवढेच उरलेत. ती सध्या ए-२ च्या वर्गात आहे, मी तिच्या मागे ए-१ मध्ये. तिचं बी-२ झाल्याशिवाय मी एकही अर्ज पाठवणार नाही, असं ठरलंय. पुढच्या भागात अप्रोबात्सिओनसाठी विद्यापीठाकडून कोणकोणते कागद काढावे लागले, ते तिच्याच तोंडून ऐकू.