‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ : प्रोग्रॅमसाठी एडिटर निवडताना

सिंधुदुर्गात दर्या आणि दऱ्या यांच्यात फारसे अंतर नाही. एक मालवणच्या किनाऱ्याला लागतो, दुसऱ्या आंबोलीच्या घाटात दिसतात. कागदावर वाचणाऱ्याची त्यांत गल्लत होत नाही. संगणकावर मात्र एका ‘र’ने घोळ होऊ शकतो. बोलीतले शब्द गोळा करणाऱ्या आणि त्यांची यादी लावण्यासाठी छोटे प्रोग्रॅम स्वतःच लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला एडिटर निवडताना हा ‘र’च खरी कसोटी वाटतो.

लेख लिहिण्याचे ‘वर्ड’ अक्षरांबरोबर त्यांचा आकार, रंग, समासही फाइलीत साठवते. टेक्स्ट एडिटर नुसती अक्षरे साठवतो, आणि प्रोग्रॅमला तेवढीच हवी असतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा दिवस एडिटरमध्येच जातो. म्हणून कळा आणि आज्ञा आपल्या सोयीने बदलता येतील असे एडिटर घडत गेले. बिल जॉय यांचा ‘व्हीआय’ १९७६चा. त्याच वर्षी एमआयटीत ‘ईमॅक्स’ आकाराला आला. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स १९८५चा. व्हीआयच्या धर्तीवरचा ब्रॅम मूलेनार यांचा ‘विम’ १९९१मध्ये आला, तर मायक्रोसॉफ्टचा ‘व्हीएस कोड’ २०१५मध्ये. यांतला कोणता घ्यावा? मराठीत काम करणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, कळा. विममध्ये आज्ञा साध्या अक्षरांच्या कळांनी द्यायच्या असतात : ‘जे’ने खाली, ‘के’ने वर. पण इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘जे’च्या कळेतून ‘र’ निघतो आणि आज्ञा अडते. यावर विममध्ये ‘कीमॅप’ची सोय आहे. कोणत्या कळेतून कोणते अक्षर यावे ही यादी आपणच लिहून द्यायची. ती मजकूर लिहिताना लागू होते, आज्ञा देताना नाही. ईमॅक्समध्ये इन्स्क्रिप्ट आणि अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’, दोन्ही पद्धती सोबतच येतात.

दुसरी, अक्षराच्या आत पाहण्याची सोय. युनिकोडमध्ये ‘र’चा क्रमांक ०९३०, ‘ऱ’चा ०९३१. ‘दर्या’त पहिला वापरतात, ‘दऱ्या’त दुसरा. मात्र ०९३०पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह दिले तरी ‘दऱ्या’च दिसते. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. एक शोधला तर दुसरा सापडत नाही आणि यादीत तोच शब्द दोनदा येतो. विममध्ये अक्षरावर थांबून ‘जी’ आणि ‘ए’ दाबले की क्रमांक दिसतो. ईमॅक्स तर अक्षराचे नावही सांगतो.

तिसरी, दिसणे. जुन्या टर्मिनलवर प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचे घर असे. देवनागरी त्यात मावत नाही. वेलांटी आणि जोडाक्षरे घर ओलांडतात. विम आजही त्या घरांच्या हिशेबाने चालतो, त्यामुळे त्यात मराठी पुष्कळदा तुटक दिसते. ईमॅक्सने २०२०च्या २७व्या आवृत्तीत अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ स्वीकारले. व्हीएस कोड ब्राउझरच्याच यंत्रणेवर उभा असल्याने त्यात जोडाक्षरे नीट उमटतात.

कॉलेजातल्या मुलाला आज संध्याकाळीच काम सुरू करायचे असेल तर त्याने व्हीएस कोड घ्यावा. माझे काम ईमॅक्सवर चालते. तो शिकायला वेळ खातो, पण फाइल जतन होताना ‘ऱ’ची एकच घडण ठेवणारी चार-पाच ओळींची आज्ञा त्यात स्वतः लिहिता येते. ‘हवा तसा बदलता येतो’ याचा माझ्या लेखी अर्थ एवढाच : आपल्या लिपीची अडचण सोडवायला दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागत नाही.

तरीही निवडीत चूक होईल म्हणून घाबरू नये. एडिटर पुढे बदलता येतो. जपायची ती फाइल. जुन्या डीटीपी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसला की अगम्य चिन्हांचा ढीग होतो. युनिकोडमधला साधा मजकूर यांतल्या कोणत्याही एडिटरमध्ये उघडतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवायचे असतील, तर ते उद्याही वाचता यायला हवेत.