नांवाची सुरी आणि गांवचा कोयता

शेतकऱ्याच्या घरीं धारेचीं हत्यारें कोणतीं असावींत, हा प्रश्न पूर्वीं छापून काढण्याजोगा नव्हता. गांवचें काम काय आहे हें लोहारास ठाऊक असे, आणि लोहाराचा हात कसा आहे हें गांवास ठाऊक असे. हल्लीं ती स्थिति राहिलेली नाहीं. मोबाइलवर चित्र पाहून घरबसल्या हत्यार मागवितां येतें, आणि अशा चित्रांत अरण्यांतील साहसें करून दाखविणाऱ्या प्रसिद्ध पुरुषांच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या सुऱ्या पुढें असतात. आपल्या सातारा-सांगली भागांतील बागायतदारांच्या घरच्या तरुण मंडळींस त्यांचा मोह पडावा ह्यांत नवल नाहीं. परंतु अशा सुरीस कांहीं हजार रुपये पडतात; तेवढ्या रकमेंत लोहाराकडून कोयता, दोन विळे व कुऱ्हाड असा घराला पुरणारा संच घडवून मिळतो. तेव्हां ह्या जादा पैशाच्या मोबदल्यांत हातीं काय पडतें, ह्याचा हिशेब पाहणें अवश्य आहे.

ह्या प्रकारांत सर्वांत गाजलेलें नांव बेअर ग्रिल्स ह्या ब्रिटिश गृहस्थांचें होय. त्यांचा ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ हा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम २००६ सालीं सुरू झाला. १२ ऑगस्ट २०१९ रोजीं दाखविलेल्या भागांत पंतप्रधान नरेंद्र मोदी त्यांच्यासमवेत कॉर्बेटच्या अरण्यांत फिरतांना दिसले, व त्यानंतर आपल्याकडील खेड्यांतही ह्या नांवाची ओळख झाली. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं १९३९ सालीं स्थापन झालेल्या गर्बर कंपनीनें त्यांच्या नांवाची सुऱ्यांची एक मालिकाच काढली. तींतील मुख्य सुरीचें पातें सुमारें पावणेपांच इंच, धारेचा कांहीं भाग दातेरी, मूठ रबरी, आणि म्यानासोबत ठिणगी पाडण्याची कांडी व धार लावण्याची पट्टी. शिवाय एक शिटीही. ही वस्तु टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कोयना खोऱ्याच्या रानांत वाट चुकलेल्या माणसास शिटी व ठिणगी दोन्ही उपयोगीं पडतील. पण मळ्यांत काम करणाऱ्याची हांक बांधापलीकडे सहज ऐकू जाते, आणि त्याच्या खिशांत काड्यांची पेटी असते.

नांवावर सुरी खपविण्याची ही युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंतील जेम्स बोई ह्यानें १८२७ सालीं मिसिसिपी नदीच्या वाळवंटावर झालेल्या मारामारींत मोठी सुरी चालविली. तिची हकीकत वर्तमानपत्रांतून पसरली, आणि १८३६ सालीं अलामोच्या लढाईंत तो पडल्यावर ‘बोई सुरी’ ही सर्वांस हवीशी वस्तु झाली. तेव्हां इंग्लंडांतील शेफील्डच्या कारागिरांनीं तशा सुऱ्या घडवून, पात्यांवर अमेरिकन गिऱ्हाइकास रुचतील अशीं वाक्यें कोरून, त्या मोठ्या प्रमाणावर समुद्रापार पाठविल्या. गिऱ्हाइक धारेइतकाच गोष्टीचाही पैसा देत होतें.

आतां पोलादाकडे वळूं. धार टिकणें हें मुख्यत्वें दोन गोष्टींवर अवलंबून असतें: लोखंडांत कर्ब किती आहे, आणि त्याला पाणी कसें दिलें आहे. खिडकीच्या गजांच्या मऊ लोखंडांत कर्ब शेंकडा पाव भागाच्या आंतबाहेर असतो. त्याला कितीही पाणी पाजलें तरी तें धारेपुरतें कठीण होत नाहीं. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यांत तोच शेंकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक असतो, व सोबत सिलिकॉन किंवा क्रोमियम असतें. ह्या किंमतीच्या न गंजणाऱ्या सुऱ्यांत बहुधा वापरल्या जाणाऱ्या पोलादांतही कर्ब शेंकडा अर्धा ते पाऊण भागच असतो. जास्त असतें तें क्रोमियम, शेंकडा तेरा ते अठरा भाग. त्यामुळें पातें गंजत नाहीं. हा गुण खरा; पण तो कापण्याचा गुण नव्हे. ज्याच्या कोयत्यास रोज काम आहे त्याच्या कोयत्यावर गंज चढावयास सवड मिळत नाहीं, व पावसाळ्यांत ठेवून द्यावयाचा असल्यास तेलाचा बोळा फिरविणें पुरतें.

नांवामुळें जोड बळकट होतो असेंही नाहीं. ह्याच मालिकेंत मलायी लोकांच्या ‘परांग’ ह्या हत्याराच्या धर्तीचें, म्हणजे आमच्या कोयत्याचेंच काम करणारें, एक पातें होतें. मूठ व पातें जेथें मिळतात तेथें तें कमकुवत होऊन तुटण्याचा व माणसास जखम होण्याचा धोका दिसून आल्यामुळें २०१२ सालीं तें अमेरिकेच्या बाजारांतून परत बोलवावें लागलें. हें उघडपणें केलें गेलें, ही गोष्ट चांगली झाली. आपल्याकडे वाईट कोयता परत बोलावणारें कोणी नाहीं. म्हणून घेणाऱ्यानेंच डोळे उघडे ठेवावे.

कारण गांवचें तेवढें चांगलें, असा सरसकट निकाल देणें हाही भाबडेपणाच होईल. आठवड्याच्या बाजारांत रंग देऊन मांडलेले कित्येक कोयते मऊ पत्र्याचे असतात. पहिल्या दिवशीं ते छान कापतात आणि तिसऱ्या दिवशीं त्यांची धार वळते. ह्याची परीक्षा सोपी आहे. कानस सोबत न्यावी व धारेवर हलकेच ओढावी. ती घसरली व कांचेवरून गेल्यासारखी वाटली तर धार कठीण आहे. तिनें चटकन् किस काढला तर तें पातें मऊ समजावें. मग पातें सुतळीनें टांगून त्यावर दुसऱ्या लोखंडानें टिचकी द्यावी. आवाज स्पष्ट घुमला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा बद्द आला तर आंत चीर असण्याचा संभव आहे. जुन्या पाट्यापासून घडविलेल्या हत्यारांत ही चीर विशेष पाहावी, कारण वर्षानुवर्षें भार वाहिलेल्या पाट्यास केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. मोडीच्या दुकानांतून आपणच पाटा निवडून लोहारास द्यावयाचा असेल तर मधल्या भोंकाजवळचा भाग सोडून द्यावा.

पाणी देण्याची क्रिया स्वतः उभें राहून पाहण्यासारखी आहे. पातें भट्टींत पिकल्या चेरीच्या रंगावर येतें, तेव्हां त्याची उष्णता सुमारें आठशें अंश सेंटिग्रेड असते. रंग ओळखण्याची संवय नसल्यास लोहचुंबक जवळ न्यावा. सुमारें ७७० अंशांपुढें तप्त लोखंड चुंबकास धरीत नाहीं, व त्यानंतर थोडें आणखी तापवून पातें बुडवावयाचें असतें. पाट्याचें पोलाद गार पाण्यांत एकदम बुडविल्यास तडकण्याची भीति असते. त्यास तेल अधिक मानवतें. जुने जाणते लोहार धारेचाच भाग बुडवितात व पाठ मऊ राहूं देतात, हें शहाणपणाचें आहे. कठीण धार कापते आणि मऊ पाठ दणका सोसते. पण एवढ्यावर थांबल्यास धार ठिसूळ राहते व दगडाला लागतांच तिचा कपचा उडतो. म्हणून पातें घासून चकचकीत करावें आणि पुन्हां हळूहळू ऊब द्यावी. पृष्ठभागावर प्रथम कडब्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटीं निळा रंग उमटतो. पिवळा सुमारें २२५ अंशांवर, निळा ३०० च्या जवळ. कोयत्याच्या धारेस तपकिरी व जांभळ्याच्या मधला रंग योग्य; कुऱ्हाडीस त्याहून थोडा पुढचा. घाईच्या दिवसांत हीच दुसरी ऊब टाळली जाते, आणि मग शेतकरी पोलादास नांवें ठेवतो.

मुठीकडेही लक्ष असावें. पात्याचें शेपूट मुठींतून आरपार जाऊन टोंकाला ठोकलेलें असावें, व तोंडाशीं शेंबी घट्ट बसलेली असावी. दोन बोटें आंत गेलेलें शेपूट लाखेनें चिकटविलें असल्यास तें हत्यार कोणाच्याही हातीं देऊं नये.

ह्या चर्चेंत खरें नुकसान कोठें होतें तें उसाच्या फडांत दिसतें. आपल्याकडे तोडणीस येणाऱ्या मजुरांत नवराबायकोच्या जोडीसच ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. हत्यारावरून माणसांची गणती व्हावी इतकें त्या पात्याचें महत्त्व आहे. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते. कोयता बोथट असला म्हणजे तोडणारा जमिनीस लागू नये म्हणून चार बोटें वर घाव घालतो. गोडीचा भाग रानांतच राहतो, फुटलेल्या खुंटांतून रोग शिरतो, आणि खोडव्याचे कोंब वरच्या डोळ्यांतून येऊन त्यांचीं मुळें उथळ राहतात. जमिनीलगत एका घावांत सपाट तोड करावयास जड, कठीण व ताजी धार लागते. पावणेपांच इंचांची सुरी, मग ती कोणाच्याही नांवाची असो, तेथें चालत नाहीं. मालकानें कमरेस किंमती सुरी लटकवून बांधावर उभें राहावें आणि फडांतील कोयत्यास धार लावावयास दगडही नसावा, हा प्रकार हिशेबाला धरून नाहीं. तोडीच्या दिवसांत फडाच्या कडेला एक कुरुंदाचा दगड व पाण्याची बादली ठेवणें ह्याहून स्वस्त सुधारणा आम्हांस माहीत नाहीं.

महाग हत्यार केव्हांही घेऊंच नये, असा मात्र अर्थ काढूं नये. तासगांव, मिरज, पलूस ह्या भागांतील द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात, व प्रत्येक वेळीं हजारों काड्या कापाव्या लागतात. काप चिरडला तर काडी वाळते. येथें स्वित्झर्लंडमधील, १९४५ सालीं निघालेल्या, फेल्को कंपनीच्या कात्रीसारखी चांगली कात्री पैशाचें मोल देते. कारण तिचें पातें, स्प्रिंग व मळसूत्र निरनिराळीं मिळतात व झिजलेला भाग तेवढा बदलतां येतो. मात्र असे सुटे भाग जवळच्या बाजारपेठेंत मिळतात कीं नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें. भाग मिळत नसतील तर तीही कात्री दोन हंगामांची शोभाच.

नांवाला किंमत कशी येते ह्याचा दाखला आपल्या पायांखालींच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर आपला कारखाना हलविला. त्या काळीं लोखंडानें जमीन विषारी होते अशी समजूत असल्यानें लोखंडी नांगर घ्यावयास लोक कचरत. तेथें कोणा प्रसिद्ध पुरुषाचें चित्र कामीं येण्यासारखें नव्हतें. काळ्या रानांत नांगरच चालून दाखवावा लागला. पुढें तें नांव इतकें मोठें झालें कीं माळालाच किर्लोस्करवाडी म्हणूं लागले. अलीकडे कृषि विद्यापीठांनीं शिफारस केलेल्या दातेरी ‘वैभव’ विळ्याचीही गोष्ट तशीच आहे: वजनानें हलका, वारंवार पाजवावा न लागणारा, आणि किंमत अगदीं थोडी. गहू व गवत कापणाऱ्या बायकांच्या मनगटास त्याचा फरक समजतो.

ज्यांस सुरी हौसेनेंच घ्यावयाची आहे त्यांनीं खुशाल घ्यावी. हौसेला मोल नसतें. मात्र ती शेतीच्या खर्चांत लिहूं नये. आणि कमरेस लावून बाजारांत हिंडण्यापूर्वीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतून केवळ घरगुती व शेतीच्या वापराचीं हत्यारें वगळलेलीं आहेत; मारामारीच्या घाटाच्या सुरीस ती सवलत लागू होईलच असें नाहीं.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे लोहाराच्या दारीं रांग लागते, व दुसरी ऊब द्यावयास त्यास वेळ उरत नाहीं. म्हणून खंडेनवमीस पूजेला मांडावयाचीं हत्यारें भाद्रपदांतच पाजवून व नव्या मुठी बसवून घ्यावींत.