सर्व्हरला पाचवी डिस्क जोडली, जागाही वाढली. मग सगळा डेटा धोक्यात कसा आला?

लग्नसराई संपत आली की फोटो स्टुडिओच्या सर्व्हरवरची जागाही संपते. उपाय सोपा वाटतो. एक डिस्क विकत आणायची आणि जोडायची. पण सर्व्हर झेडएफएसवर चालत असेल, तर नेमकी इथेच मोठी चूक होऊ शकते.

झेडएफएस ही मूळची सन मायक्रोसिस्टिम्सची फाइल सिस्टीम. ट्रूनॅससारख्या सर्व्हरवर आज तीच असते. समजा, तिथे ४ टीबीच्या ४ डिस्क 'रेड-झेड १' पद्धतीने लावल्यात. त्यातली एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, फोटोंसाठी सुमारे १२ टीबी उरतात. पॅरिटी म्हणजे असा हिशेब, ज्यावरून कुठलीही एक डिस्क बंद पडली तरी तिच्यावरचा डेटा पुन्हा तयार होतो.

आता पाचवी डिस्क आली. 'झेडपूल अ‍ॅड' ही कमांड दिली की सिस्टीम आधी नकार देते. ही डिस्क बाकीच्यांसारखी सुरक्षित नाही, असं सांगते. गंमत म्हणजे नकार मोडायचा पर्यायही त्याच मेसेजमध्ये असतो: '-एफ'. घाईत तो लावला जातो, १६ टीबी दिसतात, सगळे खूश.

पण पाचवी डिस्क आता एकटी, पॅरिटीशिवाय उभी आहे. नवे फोटो तिच्यावरही जातात. ती गेली, तर तिच्यावरचेच फोटो जात नाहीत, अख्खा पूल जातो. बरं, पूलमध्ये रेड-झेड असल्याने तिला परत बाहेरही काढता येत नाही. मग तिला आणखी एक डिस्क मिरर म्हणून जोडा, नाहीतर सगळा डेटा दुसरीकडे हलवून पूल नव्याने बांधा.

योग्य कमांड आहे 'झेडपूल अटॅच'. रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवायची ही सोय जानेवारी २०२५ मध्ये ओपनझेडएफएस २.३ सोबत आली. त्याआधी सगळ्या डिस्क मोठ्या घ्या किंवा डिस्कचा नवा गटच जोडा, असा खर्चिक मामला होता.

अटॅच केल्यावर डेटा पाचही डिस्कवर पसरतो. कित्येक तास, कधी काही दिवस लागतात, पण सर्व्हर चालू राहतो. जागा मात्र १६ टीबीपेक्षा थोडी कमीच दिसते, कारण जुन्या फायली पुन्हा लिहिल्या जाईपर्यंत त्यांचं पॅरिटीचं प्रमाण चार डिस्कचंच राहतं. आणि डिस्क पाच झाल्या, तरी एका वेळी एकच बंद पडलेली चालते.