एका घरात दोन मतं



डिसेंबर उजाडला की आपल्या नागपूरचा नूरच पालटतो. सकाळी शाळेत येताना तोंडातून वाफा निघतात, पेटीच्या तळाशी गेलेल्या कानटोप्या बाहेर येतात, गल्लीच्या तोंडाशी शेकोट्या पेटतात. हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागतात आणि घराघरात तुरीचे सोले निघू लागतात. आपली थंडी काही साधीसुधी नाही बरं का! २९ डिसेंबर २०१८ रोजी तर नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत खाली उतरला होता.

अशा या कडाक्यात येतो नाताळ. मी चौथीच्या वर्गाला शिकवते आणि आमचं घर ख्रिस्ती आहे. त्यामुळे दरवर्षी सुट्टी लागायच्या आधी वर्गात प्रश्नांचा पाऊस पडतो. त्यातला एक प्रश्न ठरलेला. ‘‘मॅडम, नाताळ इंग्रजांचा सण आहे नं? मग तुम्ही काऊन करता?’’

प्रश्न छान आहे. विचारणाऱ्याला मी कधी रागावत नाही. आज तुम्हां सगळ्यांनाच त्याचं उत्तर सांगते.

नाताळ कुणाचा?

येशूचा जन्म इंग्लंडमध्ये झाला नाही. तो झाला बेथलेहेम गावी. नकाशा काढून बघा. ते गाव पश्चिम आशियात, म्हणजे आपल्याच खंडात आहे. येशू ज्या लोकांत वाढला, ते मेंढ्या राखणारे, मासे धरणारे, सुतारकाम करणारे साधे लोक होते. त्याच्या जन्माची तारीख बायबलमध्ये दिलेलीच नाही. २५ डिसेंबरला हा सण पाळायची रीत चौथ्या शतकात रोम शहरात दिसते आणि मग ती सगळीकडे पसरली. ‘नाताळ’ हा आपला शब्द पोर्तुगीज भाषेतून आलाय. त्याचा अर्थ जन्माचा दिवस.

आता सांताक्लॉजबाबांचं विचाराल, तर ते बायबलमध्ये नाहीतच! चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे एक दयाळू बिशप होऊन गेले. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. गोरगरिबांना गुपचूप मदत करणारे म्हणून त्यांच्या गोष्टी सांगितल्या जात. त्या गोष्टी देशोदेशी फिरता फिरता लाल डगलेवाला सांताक्लॉज तयार झाला.

आणि मराठीचं म्हणाल, तर आपल्या भाषेत येशूची कथा चारशे वर्षांहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. ते जन्माने इंग्रज, पण इथे येऊन इथली भाषा शिकले, तिच्या प्रेमात पडले आणि त्यांनी चक्क ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे आपण ज्ञानेश्वरी ज्या छंदात वाचतो, त्याच छंदात!

आपल्या नागपूरचंही नाव या इतिहासात आहे. स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री १८४५ साली इकडे आले. त्यांनी शाळा काढली. शिवाय त्यांना दगडधोंडे आणि जीवाश्म गोळा करायचा भारी नाद! एका खनिजाला त्यांच्यावरून ‘हिस्लॉपाइट’ असं नाव मिळालंय. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पाण्याच्या लोंढ्यात ते बुडाले. १८८३ साली सुरू झालेलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या सहा वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्या नागपुरातच एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल तुम्ही पाहिलं असेल, ते याच मंडळीचं.

आमच्या घरचा नाताळ

तुम्हांला वाटेल, ख्रिस्ती घरात नाताळला नुसता केकच होत असेल. छे! आमच्याकडे आधी करंज्या, चिवडा, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. तुमच्या दिवाळीच्या डब्यांतलं सगळं आमच्या नाताळच्या डब्यांत असतं. केक असतो, पण त्याचीही जुनी तऱ्हा ऐका. माझ्या लहानपणी आमच्याकडे ओव्हन नव्हता. आई जर्मनच्या मोठ्या पातेल्यात रेती तापवायची, त्यात केकचा डबा ठेवायची आणि वरच्या झाकणावर निखारे पसरायची. केक एका बाजूने थोडा करपायचा. ती करपलेली बाजू कुणी खायची यावरून आम्हां भावंडांची भांडणं व्हायची, कारण ती खमंग लागायची!

बाबा बांबूच्या कामट्या बांधून चांदणी करायचे. आम्ही रंगीत कागद चिकटवायचो. घराच्या कोपऱ्यात गव्हाणीचा देखावा मांडायचो. त्यासाठी दहा-बारा दिवस आधी एका ताटलीत गहू पेरायचे, म्हणजे नाताळपर्यंत हिरवंगार गवत तयार. रात्री मंडळीतली तरुण मुलं पेटी-ढोलकी घेऊन घरोघर गाणी म्हणत यायची. कानाला मफलर, हातात टॉर्च. त्यांना गरम चहा द्यायचं काम माझ्याकडे. नाताळच्या दिवशी सकाळी नवे कपडे घालून उपासनेला जायचं आणि घरी आलं की फराळाची ताटं रुमालाने झाकून शेजारीपाजारी पोहोचवायची.

आता एक गंमत सांगते. माझं आजोळ हिंदू. आईने आपल्या मनाने ख्रिस्ती धर्म घेतला, पण आजी शेवटपर्यंत विठोबाची. ती सुट्टीत आमच्याकडे राहायला यायची. एकादशीला तिच्यासाठी साबुदाणा व्हायचा. जेवायला बसलं की बाबा प्रार्थना करायचे, आम्ही डोळे मिटायचो. आजीही हात जोडायची आणि हळूच ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायची. मी एकदा विचारलं, ‘‘आजी, तू आमच्यासारखी प्रार्थना का नाही करत?’’ ती म्हणाली, ‘‘बाई, तुझ्या आईनं तिचा देव तिच्या मनानं धरला. मी माझा धरला. पण भूक तर दोघींची सारखीच नं? वाढ आता!’’

हे सगळं सुरुवातीपासून इतकं सोपं नव्हतं. आईने धर्म घेतल्यावर आजोळचे काही लोक बरीच वर्षं आमच्या घरचं पाणीदेखील घेत नव्हते. आई कुणाशी भांडली नाही. ती दर दिवाळीला आजोळी जायची, अंगणात बसून यायची. बाहेर बसायला लागलं तरी जायची. ती मला म्हणायची, ‘‘मी देव बदलला, माणसं नाही बदलली.’’

नागपूरहून निघालेली आगगाडी

आईला हे धैर्य कुठून आलं असेल? तिच्या उशाशी एक जाडजूड पुस्तक असायचं, ‘स्मृतिचित्रे’. लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. तुम्ही त्यांचे पती नारायण वामन टिळक यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता ऐकली असेल. आपल्या पिलांसाठी जखमी अवस्थेत घरट्याकडे धडपडणाऱ्या पक्षिणीची. तेच हे टिळक.

टिळक काही काळ नागपुरात राहत होते. इथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचं लेखनाचं काम चाले. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. दोघांच्या गप्पा रंगल्या, आणि त्या गृहस्थाने टिळकांना बायबलचा ‘नवा करार’ वाचायला दिला. टिळक वाचत गेले. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनाला फार भिडलं. बराच विचार करून १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या अतिशय कडक सोवळ्यात वाढलेल्या. त्यांच्या वडिलांच्या घरी मीठसुद्धा धुऊन घेतलं जाई म्हणे! पदरात लहानगा दत्तू. त्या काळात नवऱ्याने धर्म बदलला म्हणजे जणू तो घरातून कायमचा गेला. नवराबायको सुमारे पाच वर्षं वेगळी राहिली. लोक काय काय बोलले असतील, कल्पना करा. पण दोघांच्या मनातली माया तुटली नाही.

पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या. आता नीट ऐका हं, कारण मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्या राहायला गेल्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या! आपलं सोवळंओवळं त्यांनी सांभाळलं, आणि ‘तुला माझ्यासारखंच व्हावं लागेल’ अशी जबरदस्ती टिळकांनी केली नाही. एका संसारात दोन मतं राहिली. लक्ष्मीबाई स्वतः पाहत होत्या, स्वतः विचार करत होत्या. उच्चनीच हे देवाने केलेलं नाही, माणसांनी केलेलं आहे, असं त्यांचं त्यांनाच पटलं, तेव्हा त्यांनी सोवळं सोडलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आपल्या मनाने.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पुढे मराठीतलं एक अजरामर आत्मचरित्र लिहिलं. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. आणि १९३३ साली नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी होत्या लक्ष्मीबाई टिळक! ज्या नागपूरहून निघालेल्या गाडीने त्यांच्या संसाराची घडी विसकटली, त्याच नागपुरात हा मान त्यांना मिळाला.

माझं मत

आता माझं मत सांगते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर वाद घाला.

देव मानायचा की नाही, कोणता मानायचा, हे ज्याच्या त्याच्या मनाचं काम आहे. आपल्या संविधानाच्या कलम २५ मध्येही हेच स्वातंत्र्य दिलंय. आपण तर नागपूरकर! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षाभूमी, टेकडीचा गणपती, ताजबाग, सदरमधली चर्चं, सगळं एकाच गावात. आपण वेगळं मत असलेल्या माणसाशी कसं वागावं, हे आपल्याला नाही कळायचं तर कुणाला?

काही वर्षांपूर्वी मी वर्गात घरचा फराळ वाटला. एका मुलाने करंजी हातात घेतली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि परत डब्यात ठेवली. ‘‘घरी नको म्हटलंय,’’ तो कानात बोलला. बाकीची पोरं हसायला लागली. मी त्यांना गप्प केलं. त्या मुलाला म्हटलं, ‘‘काही हरकत नाही, आई-बाबांचं ऐकलंस. हे संत्रं घे.’’ ते मात्र त्याने घेतलं आणि सोलून शेजारच्या दोघांना फोडी दिल्या. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण करंजी खायला लावून मी काय मिळवलं असतं? त्याच्या मनात घर आणि शाळा यांची भांडणं लागली असती. आणि त्याला हसणारी मुलं? ती करंजी खाऊनसुद्धा नाताळ चुकवत होती, असं मला वाटतं.

माझ्या मते नाताळ म्हणजे चांदणी, केक आणि नवा फ्रॉक एवढंच नाही. गव्हाणीच्या गोष्टीत एका अवघडलेल्या बाईला मुक्कामाला जागा मिळत नाही. शेवटी बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजवावं लागतं. ही गोष्ट दरवर्षी ऐकायची आणि आपल्या दारात, आपल्या बाकावर, आपल्या डब्यात दुसऱ्याला जागा द्यायची नाही, हे बरोबर दिसतं का? जागा द्यायची म्हणजे त्याने आपल्यासारखं व्हायलाच पाहिजे असंही नाही. विठोबाचं नाव घेणाऱ्या माझ्या आजीला आमच्या ताटांच्या ओळीत जागा होती, तशी.

तुम्ही म्हणाल, ‘‘मॅडम, पण दोन मतं असली की भांडण होणारच!’’ होऊ द्या की. आमच्या घरीही होतं. वाद घालायला बंदी नाही. फक्त तीन गोष्टी पाळायच्या. समोरच्याच्या देवाची टिंगल करायची नाही. त्याचं म्हणणं पुरतं ऐकल्याशिवाय आपलं सुरू करायचं नाही. आणि वाद कितीही तापला तरी जेवायला एकत्रच बसायचं.

सुट्टीत एवढं करा

या सुट्टीत एक सोपा अभ्यास देते. तुमच्या वर्गातल्या किंवा गल्लीतल्या, वेगळ्या धर्माच्या एका मित्राला विचारा, की तुमच्या घरी सण कसा करतात, आणि तुला त्यातलं सर्वांत काय आवडतं. उत्तर वहीत लिहून ठेवा. मग तुमच्या घरचं त्याला सांगा. आजी-आजोबांना विचारा, की त्यांच्या लहानपणी कुणाच्या घरचं पाणी चालायचं आणि कुणाच्या घरचं नाही. ऐकून नवल वाटेल. आणि मोठी मुलं असाल तर वाचनालयातून ‘स्मृतिचित्रे’ आणा. हसून हसून पोट दुखेल आणि मधेच डोळे भरून येतील.

आई-बाबांनो, तुम्हांलाही एक विनंती. मुलं प्रश्न विचारतात तेव्हा ‘तुला काय करायचंय’ म्हणू नका. तुमचं मत जरूर सांगा, पण ते तुमचं मत आहे हेही सांगा. ती मोठी होतील तेव्हा कदाचित वेगळा विचार करतील. तेव्हाही त्यांनी सणाला तुमच्या दारात यावं असं वाटत असेल, तर त्याची तयारी आत्तापासून करायला हवी.

चला तर मग, कानटोपी घाला, शेकोटीजवळ बसा आणि संत्रं सोलता सोलता गप्पा सुरू करा. सुट्टी संपल्यावर वह्या तपासायच्या आहेत, विसरू नका हं! सगळ्यांना नाताळच्या आणि येणाऱ्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा!