भिंतीवरची ‘हत्या’ आणि कायद्यातला गर्भपात

‘स्त्रीभ्रूणहत्या थांबवा’ ही घोषणा वाचली नाही अशी बाई आपल्याकडे सापडणं कठीण. दवाखान्याची भिंत, एसटी स्टँड, शाळेची प्रभातफेरी... सगळीकडे तीच. पण 1971 पासून आपल्या देशात गर्भपात कायदेशीर आहे, हे कुठल्या भिंतीवर वाचलंय का?

अमेरिकेत गर्भपाताच्या बाजूचे आणि विरोधातले लोक फलक घेऊन समोरासमोर उभे राहतात. आपल्याकडची गुंतागुंत वेगळीच. 1980च्या दशकात मुंबईत गर्भजल तपासणीच्या जाहिराती लागायच्या. आज पाचशे रुपये खर्चा, उद्याचा हुंड्याचा लाखोंचा खर्च वाचवा, असा त्यांचा मतलब! महिला संघटना याविरुद्ध रस्त्यावर आल्या. मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांत लेख आले. 1988 मध्ये गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं. 1994 मध्ये देशाचा कायदा झाला.

लढाई होती लिंगनिदानाशी. पण ‘लिंगनिदान’ शब्द जड, घोषणेत बसत नाही. ‘हत्या’ कशी झटकन बसते! तिथंच घोटाळा झाला, असं मला वाटतं. 6 मे 2012 ला आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’चा पहिलाच भाग या विषयावर आला. रविवारी सकाळी दूरदर्शनवर गावोगावी तो पाहिला गेला. त्याच महिन्यात परळीत गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला. बातम्यांचा पूर आला, धाडी पडल्या, आणि कित्येक मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. आता गंमत बघा. या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांतल्या. तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही!

दुसऱ्या बाजूनंही माध्यमांची ताकद ओळखली. 2008 मध्ये गर्भाच्या हृदयात दोष आढळलेलं मुंबईतलं एक दांपत्य डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात गेलं. वीस आठवड्यांची मुदत उलटली होती, परवानगी मिळाली नाही. पण वाहिन्यांवर दिवसेंदिवस चर्चा रंगली आणि मुदतीचा प्रश्न घराघरात पोचला. 2021 मध्ये काही ठरावीक कारणांसाठी ती 24 आठवड्यांपर्यंत वाढली.

गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा म्हणून 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था सुरक्षित गर्भपाताचा हक्कही तितक्याच ठामपणे मांडतात. त्यांना दोन्हीत विरोध दिसत नाही. मथळ्यात मात्र एकच गोष्ट मावते.

मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात हा मथळा कसा पोचतो? दोन लेकरं आहेत, तांबी फसली, दिवस गेले. ही बाई ‘पिशवी साफ करायची’ असं दबक्या आवाजात बोलते. ‘पोलिसात तर नाही ना देणार?’ ही भीती, म्हणून उशीर, नाहीतर कुणा भोंदूकडे. खरं तर साधन फसणं हे कायद्यानं मान्य केलेलं कारण आहे. 2021 पासून ते अविवाहितेलाही लागू आहे. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक, फोडलं तर शिक्षा. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती लागते. सज्ञान बाईची मात्र तिची स्वतःचीच पुरे. ‘नवऱ्याची सही आणा’ असं अनेक ठिकाणी काउंटरवर सांगतात... कायद्यानं ती सही मागितलेलीच नाही.