लैंगिक अत्याचारपीडित स्त्रीचे कायदेशीर हक्क : संमतीचा अर्थ आणि यंत्रणेची कर्तव्ये

प्रस्तावना

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपीऐवजी पीडित स्त्रीचेच चारित्र्य तपासले जाण्याची परंपरा भारतीय न्यायव्यवस्थेत दीर्घकाळ होती. ही परंपरा मोडण्याची सुरुवात महाराष्ट्रातील एका खटल्याने झाली. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलीस कर्मचाऱ्यांवर ठेवण्यात आला. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. भीतीपोटी आलेली हतबलता म्हणजे संमती नव्हे, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. मात्र १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत व तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, या आधारे ती शिक्षा रद्द केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्री संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेच्या आजच्या हक्कांचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

संमतीची व्याख्या

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती म्हणजे शब्द, हावभाव अथवा अन्य मार्गाने दिलेला निःसंदिग्ध व स्वेच्छेचा होकार होय. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येत नाही. हे स्पष्टीकरण २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. १९७८ च्या निकालाला दिलेले हे उशिराचे पण स्पष्ट उत्तर आहे.

पोलीस ठाण्यातील हक्क

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्याने खबर नोंदविणे बंधनकारक आहे. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. पीडितेची खबर महिला अधिकाऱ्याने नोंदवावी आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी, अशी तरतूद आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात तपासातील जबाब पीडितेच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावा लागतो. त्या वेळी आईवडील, पालक, जवळचे नातेवाईक किंवा समाजसेवक उपस्थित राहू शकतात. अशी खबर नोंदविण्यास टाळाटाळ करणाऱ्या लोकसेवकास कलम १९९ नुसार किमान सहा महिने सश्रम कारावासाची शिक्षा आहे. बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हावा आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडितेस कळवावी, असेही कायदा सांगतो.

वैद्यकीय उपचार व तपासणी

येथे दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. उपचार हा पीडितेचा हक्क आहे. सरकारी वा खासगी कोणत्याही रुग्णालयाने प्रथमोपचार व उपचार तत्काळ आणि विनामूल्य दिले पाहिजेत. नकार देणे हा गुन्हा आहे. पुराव्यासाठीची तपासणी मात्र तिच्या संमतीनेच होते. खबर मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत तिला डॉक्टरकडे पाठविणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. वेळ जाईल तसा शरीरावरील व कपड्यांवरील पुरावा नष्ट होत जातो, म्हणून ही मुदत महत्त्वाची आहे. तथाकथित ‘टू फिंगर टेस्ट’ ही अवैज्ञानिक व अपमानकारक आहे. ती करणारी व्यक्ती गैरवर्तनास जबाबदार ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

न्यायालयातील संरक्षण

बलात्काराचा खटला बंद दालनात चालतो. पीडितेची ओळख उघड करणे कलम ७२ नुसार दंडनीय आहे. मृत पीडितेलाही हे संरक्षण असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. संमतीचा प्रश्न असताना तिचे चारित्र्य किंवा पूर्वीचे लैंगिक संबंध साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४८ नुसार गैरलागू ठरतात. तिची साक्ष विश्वसनीय असल्यास स्वतंत्र दुजोऱ्याची गरज नाही, हे तत्त्व पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग (१९९६) या निकालात ठामपणे मांडले गेले. सरकारी वकिलाच्या मदतीस ती न्यायालयाच्या परवानगीने आपला वकील देऊ शकते. तसेच आरोपी सुटल्यास स्वतः अपील करू शकते. उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार प्रत्येक स्त्री मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहे.

नुकसानभरपाई व पुनर्वसन

आरोपीचा शोध लागला नाही तरी पीडितेस जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजनेद्वारे अर्थसाहाय्य व पुनर्वसनाची सोय करण्यात आली आहे.

मर्यादा व समारोप

कायद्यात उणिवा उरल्या आहेत. २०२३ च्या संहितेनेही पत्नी अठरा वर्षांखालील नसल्यास पतीचे कृत्य बलात्काराच्या व्याख्येतून वगळले, आणि प्रौढ पुरुष व तृतीयपंथी पीडितांना या व्याख्येत स्थान दिले नाही. दुसरी अडचण अज्ञानाची आहे. वर सांगितलेले बहुतेक हक्क पहिल्या काही तासांतच वापरावे लागतात, आणि नेमक्या त्याच तासांत पीडित स्त्री सर्वाधिक एकाकी असते. म्हणून या तरतुदी तिच्याआधी तिच्या शेजाऱ्याला, शिक्षिकेला, परिचारिकेला आणि ठाणे अंमलदाराला माहीत असणे अगत्याचे आहे. १९७२ मध्ये त्या मुलीने स्वतःला सिद्ध करावे अशी अपेक्षा होती. आजचा कायदा यंत्रणेने आपले कर्तव्य सिद्ध करावे असे म्हणतो. हा बदल पुस्तकातून पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचला, तरच त्याला अर्थ आहे.