“पाणी बघ” म्हणजे कुठलं पाणी? ग्रुपवर मदत मागताना आणि देताना



१ ऑगस्टला बंदी उठते आणि पहिल्या आठवड्यातच आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो: “इंजिन गरम होतंय, काय करू?” गेल्या हंगामातही आला. अर्ध्या तासात तीसेक उत्तरं आली. कोणी म्हणालं बेल्ट सैल असेल, कोणी म्हणालं थर्मोस्टॅट काढून टाक. एका जुन्या तांडेलाने दोनच शब्द लिहिले, “पाणी बघ.”

त्यांच्या मनात होतं, बाहेर पडणारं समुद्राचं पाणी नीट पडतंय का ते बघ. होडीवरच्या खलाशाने त्याचा अर्थ घेतला टाकीतलं गोडं पाणी बघ. त्याने गरम इंजिनाचं झाकण फिरवलं. आत दाब होता. उकळतं पाणी उसळलं आणि पोराचा हात नि छाती भाजली. नंतर जेटीवर उघडून पाहिलं, तर समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या गाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकली होती. पाच मिनिटांचं काम.

चूक एकट्या कोणाची नव्हती. ग्रुप आम्हीही ऑफिसात बसून वाचत होतो, पण “गरम असताना झाकण उघडू नको” असं एक वाक्य आमच्याकडूनही गेलं नाही. म्हणून हे लिहितोय. ग्रुपचा फायदा मोठा आहे. रात्री मेकॅनिक मिळत नाही तेव्हा ग्रुपवरचा अनुभवी माणूस धंदा वाचवतो. पण समोर इंजिन नसताना उत्तर देणाऱ्याला फक्त तुमचे शब्द दिसतात. ते अर्धे असतील तर उत्तरही अर्धंच येणार.

विचारताना एवढं लिहा

१. होडी कुठे आहे, जेटीवर की दर्यात? हे सगळ्यात आधी.
२. इंजिनाची कंपनी, मॉडेल, किती एचपी. इंजिनावरच्या पट्टीचा फोटो एकदाच काढून फोनमध्ये ठेवा, दर वेळी तोच टाका.
३. काय दिसतंय ते आकड्यात. “खूप गरम” नको, काटा कितीवर आहे ते लिहा. ऑइल प्रेशर किती? बाहेर पाणी पडतंय का, नेहमीपेक्षा कमी का?
४. धुराचा रंग. काळा म्हणजे बहुतेक हवा कमी किंवा इंजिनावर ओझं जास्त, पंख्याला जाळं गुंतलं तरी काळा येतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता येतंय किंवा आत पाणी जातंय.
५. बिघाड व्हायच्या आधी शेवटचं काय केलं होतं? फिल्टर बदलला, नवीन डिझेल भरलं, बेल्ट घातला? अर्धी उत्तरं इथेच सापडतात. फिल्टर बदलल्यावर इंजिन बंद पडलं असेल तर डिझेलच्या लाइनीत हवा शिरली असण्याची शक्यता मोठी.
६. तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलं. हे लपवू नका. काही मोडलं असेल तर तेही सांगा.

दर्यात रेंज कमी असते. व्हिडिओ फिरत बसतो, साधा मजकूर निघून जातो. म्हणून आधी मजकूर, मग फोटो.

उत्तर देताना

आधी एक प्रश्न विचारा, मग उत्तर द्या. इंजिन कुठलं हे न विचारता सांगितलेला उपाय दुसऱ्याच्या इंजिनाला मारक ठरू शकतो. टू-स्ट्रोक आउटबोर्डला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, फोर-स्ट्रोकला मिसळायचं नसतं. “मी तर नेहमी मिसळतो” हे तुमच्या इंजिनासाठी खरं, त्याच्यासाठी नाही.

स्वतः केलेलं आणि ऐकलेलं वेगळं सांगा. “माझ्या होडीवर असंच झालं होतं, इंपेलर बदलल्यावर थांबलं” हे एक. “कोणीतरी म्हणत होतं” हे दुसरं. दोन्ही लिहा, पण कुठलं कुठलं ते कळू दे.

बाहेरून आत जा. आधी डोळ्यांनी बघायला सांगा: पाणी पडतंय का, बेल्ट आहे का, समुद्राच्या पाण्याचा वॉल्व्ह उघडा आहे का. मग इंजिन बंद करून गाळणी. मग पंपाचा रबरी इंपेलर. दोन महिने कोरडा पडून त्याची पाती वाकतात, तुटतात. म्हणून तर हा त्रास ऑगस्टमध्येच जास्त. खोलाखोली, तोडातोडी सगळ्यात शेवटी. आणि फ्यूज उडतो म्हणून तिथे तार घाल, असा सल्ला कोणी देऊ नये. होडीला आग लागते ती अशीच.

शेवटची गोष्ट, हसू नका. “एवढंही कळत नाही?” असं एकदा ऐकलेला पोरगा पुढच्या वेळी विचारत नाही, आणि न विचारता गरम झाकण उघडतो.

जागा सांगताना

बुडालेलं काही, खडक, जाळी फाटणारी जागा आपण ग्रुपवर आकड्यात टाकतो. चांगलंच आहे. पण १५°३०.५०' म्हणजे १५ अंश ३० मिनिटं आणि अर्धं मिनिट, म्हणजेच ३० सेकंद. काही जण ते ३० मिनिटं ५० सेकंद असं वाचतात. फरक ६०० मीटरहून जास्त पडतो. तोच आकडा १५.३०५० असा घातला तर सुमारे १२ नॉटिकल मैल दक्षिणेला जाल. आकडे हाताने उतरवू नका, जीपीएसच्या स्क्रीनचा फोटो टाका. तुमचं यंत्र कुठल्या पद्धतीने दाखवतं ते त्यात दिसतं.

ग्रुप म्हणजे बचाव नव्हे

होडीत पाणी शिरतंय, आग लागली, माणूस पडला, इंजिन बंद पडून होडी खडकाकडे वाहतेय, तर ग्रुप नंतर. आधी व्हीएचएफ चॅनल १६ वर हाक द्या. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ नंबर लावा, तो फुकट आहे. डॅट यंत्र असेल तर त्याचं बटण दाबा. घरच्यांनीही १५५४ फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवावा, कारण पुष्कळदा पहिला फोन दर्यातून घरीच येतो.

काम झाल्यावर

इंजिन चालू झालं की माणूस ग्रुप विसरतो. असं करू नका. नक्की काय निघालं ते एका ओळीत लिहा. ज्यांचं उत्तर चुकलं त्यांनाही त्यातून कळतं. अशा ओळी आम्ही ऑफिसातल्या वहीत उतरवून ठेवायला लागलोय: इंजिन कुठलं, लक्षण काय, निघालं काय. ज्याला ग्रुप वाचायला जमत नाही त्याने येऊन वही बघावी, नाहीतर आम्ही वाचून दाखवू.

तो पोरगा आता बरा आहे, परत दर्यावर जातोय. वहीतलं पहिलं पान त्याने स्वतः सांगून लिहून घेतलं: “गरम असताना झाकण उघडू नये. गाळणी आधी बघावी.”

दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.

– सचिव, आपली संस्था